डब्यातलं कुंकू

उरवडे, ता. मुळशी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

किशोरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे बरा आहे. तू, वहिनी, बाबा सगळे बरे असाल. आरोहीचे पुढचे दात आले का?

फोन सोडून चिठ्ठी का, असं म्हणशील. फोनवर तू आधी "जेवलास का?" विचारतोस, आणि मग माझ्या तोंडातून काही निघतच नाही. सातवीपर्यंतच गेलेला मी, अक्षर गोड मानून घे.

चार वर्षांत मी किती जागा बदलल्या ते तुला माहीतच आहे. हॉटेल झालं, विटा झाल्या, सहा महिने लवासात रिकाम्या इमारतींवर पहारा दिला. पण इथं टिकलोय, सव्वा वर्ष झालं. घरमालक हैबतराव रोज चिडवतात, "काय रं, हाडं करतुयास म्हनं कारखान्यात. माज्या गुडघ्यासाठी यक घिऊन ये की!"

खरंच हाडं करतो आम्ही. म्हणजे हाडाच्या जागी बसवायचे धातूचे तुकडे. निकेल आणि टायटॅनियम, दोन्हीची पावडर राखेसारखी. ती काट्यावर मोजून एकत्र करायची, त्यात मीठ मिसळून साच्यात दाबायची, हवा काढलेल्या भट्टीत भाजायची. मग मीठ पाण्यात विरघळवून काढायचं. जिथं मीठ होतं तिथं भोकं राहतात. तुकडा दिसतो जाळीदार पावासारखा. त्या भोकांतून माणसाचं स्वतःचं हाड वाढत आत शिरतं, असं आमच्या मृण्मयी मॅडम सांगतात. एकदा त्यांनी त्याच धातूची एक कडी बर्फाच्या पाण्यात चेपून पार चपटी केली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "मूठ मीट." मुठीच्या उबेनं ती हळूहळू उघडली रे, दादा. पुन्हा गोल. मी घाबरून खालीच टाकली. सगळे हसले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. असा तुकडा तुझ्या डाव्या पायात बसला तर? मी मॅडमना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "अजून चाचण्या चालू आहेत किशोर, बघू पुढे." मी ते 'बघू' धरून बसलो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा होती. मॅडमनी बजावलं होतं, "हळद-कुंकू यंत्रांना बाहेरून लावा. पावडरीचे डबे उघडायचे नाहीत, तिला साधी हवा लागलेलीही चालत नाही." सगळे प्रसादाला बाहेर गेले. मी आत तोरण बांधत होतो. समोर मिसळलेल्या पावडरीचा डबा. तू दसऱ्याला काय म्हणायचास? "चाकांना सगळेच लावतात. स्टेअरिंगला लावलं तरच गाडीला कळतं." मला वाटलं, बाहेरून लावलेलं पावडरीला काय पोचणार! सील काढलं, चिमूटभर कुंकू आत टाकलं, तुझं नाव घेतलं आणि झाकण लावलं. सील पहिल्यासारखं चिकटवलं. चोरी केली असं वाटलंच नाही. नवस बोलल्यासारखं वाटलं.

अर्ध्या डब्यातल्या पावडरीचे तुकडे करून झाले. बुधवारी त्यातला एक दाबून बघितला तर बिस्किटासारखा फुटला. दुसराही फुटला. मॅडम म्हणाल्या, वजनात चूक असणार, दोन पावडरींचं माप जरासं हललं तरी सगळं बिघडतं.

वजन वाल्मीककाका करतात. पौडाला सोनाराकडं तीस वर्षं काटा धरलेला माणूस. मला ते "पाखरू" म्हणतात, कारण मी एका जागी बसत नाही. डब्यातली अर्धी भाकरी रोज माझ्यापुढं सारतात. ते मॅडमसमोर एका शब्दानंही भांडले नाहीत. त्यांना काट्यावरून काढून झाडूकामाला लावलं. दुपारी माझ्याशेजारी बसून स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होते. म्हणाले, "न्हाई रं पाखरा, माझंच चुकलं आसंल. डोळं गेलं वाटतं. मला तर काय आठवना."

दादा, मी तिथून उठून नळाखाली डोकं धरलं. तेच शब्द. दवाखान्यात चौथ्या दिवशी तू शुद्धीवर आलास, तेव्हा तूही हेच म्हणालास. बाबा सगळ्यांदेखत ओरडले होते, "इतकी वर्षं टेम्पो चालवून शेवटी झोपलास ना?" आणि तू म्हणालास, "झोपलोच असेन. मला काही आठवत नाही."

तू झोपला नव्हतास. तू चालवतच नव्हतास.

पाचोडच्या बाजारातून येताना मीच पाठी लागलो होतो, "दे ना दादा, पुलापर्यंत तरी दे." तू हसलास, डाव्या बाजूला बसलास. पुलाच्या वळणावर मी एका हातानं मोबाईल काढला. कठड्यावर तुझीच बाजू आदळली. लोक धावत आले, विचारलं, "कोण चालवत होतं?" माझ्याकडं लायसन नव्हतं. मी म्हणालो, "दादा." तू जगशील की नाही तेही माहीत नव्हतं मला, तरी तोंडातून तेवढंच निघालं.

पायाबद्दल मी रडलो, सगळ्यांनी बघितलं. पण डॉक्टर तर म्हणाले होते, पाय थोडा लंगडेल, गाडी चालवता येईल. तूच म्हणालास, "माझ्या हातांचा भरवसा नाही." पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाहीस. आरोहीला शाळेत चालत सोडतोस, तुझ्या त्या पायानं. हे मी तुझ्याकडून काढून घेतलं. म्हणून मी एका जागी टिकत नाही. म्हणून दिवाळीला येत नाही.

उद्या सकाळी आठ वाजता डब्यातली उरलेली पावडर दाबणार आहेत. दुसऱ्यानं त्यात थोडी पावडर वाढवून माप जुळवून घेतलंय, म्हणून सगळे निर्धास्त. प्रत्येक तुकडा काही फोडून बघत नाहीत. चाचणीसाठी एक बाई दवाखान्यात दाखल आहे, तिच्या मणक्यात यातलाच एक जाणार. मॅडमच्या फाईलवर तिचं नावही वाचलं मी, हेमलता. नाव वाचायला नको होतं.

कालपासून दोनदा पिशवी भरली. काल पौडाच्या फाट्यापर्यंत गेलो, एसटी समोरून गेली, हात केला नाही. परत आलो तर रंभाबाई, हैबतरावांच्या मालकीणबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "कुटं निघालावतास रं पिशवी घिऊन? जेवल्याबिगर कुटं जायाचं न्हाई." तुझ्यासारखंच. जेवण गेलं नाही मला.

उद्या साडेसातला फाटकावर उभा राहून मॅडमना सांगणार, वाल्मीककाकांच्या समोर. मला काढतील, पोलिसांत देतील, काय करतील ते करोत. भीती लई वाटते. पाय उद्या पुन्हा फाट्याकडं वळतील याची जास्त वाटते. म्हणून ही चिठ्ठी आजच पेटीत टाकतो. एकदा ती पडली की तुझ्यापुढं तरी खोटं राहणार नाही, मग इथलं बोलायला जीभ उचलेल.

माफी मागत नाही. एवढंच कर. ही चिठ्ठी बाबांना वाचून दाखव, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. मग शेजारच्या दयानंदअण्णांच्या गाडीची किल्ली माग आणि पुलापर्यंत जाऊन ये. तुझे हात कधीच चुकले नव्हते.

त्या दिवशी स्टेअरिंगवर बसलेला,
किशोर