धाकटीचा खडा आणि माझी सिंगल रूम

३ जून, दुपार
धाकट्या जावेच्या पित्ताशयातला खडा काढला. भेटून आले. सिंगल रूम! सोफा, पडदे, बेल दाबली की नर्स हजर. बिल विमा कंपनीनं परस्पर भरलं. खडा बाटलीत ठेवलाय, येईल त्याला दाखवते. मला दोनदा दाखवला. ताई, तुमचा विमा आहे ना, म्हणाली. म्हटलं, माझा देवावर भरवसा आहे. तर म्हणे, देव कॅशलेस करत नाही हो. आणि हसली मेली. मला हेवा अजिबात वाटत नाही. टाके ओले असताना हसू नये, एवढंच.

४ जून
जपात लक्ष लागेना. सारखी ती बेल.

६ जून
विम्याचा एजंट आला. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते, दहा मिनिटांत सगळं समजलं. दरवर्षी हप्ता. आजारी पडलो नाही तर पैसे परत नाहीत. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. आधीपासूनचा आजार असेल तर त्यासाठी तीन वर्षं थांबायचं. धाकटीचा विमा कितीचा, तेही विचारलं. सांगता येत नाही म्हणाला. आगाऊ.

८ जून
पाच लाखांचा आहे. तिच्याच मुलीनं सांगितलं. आपला दहाचा, सिंगल रूमसकट! हप्ता ऐकून ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, पाचाचा घे, साध्या रूमचा घे, पण चौघांचा घे. ह्यांना यातलं काही समजत नाही.

९ जून, सकाळ
जप करताना मार्ग सुचला. चौघांतलं एक नाव गाळलं की सिंगल रूम बसते. माझं. देवाच्या कृपेनं वीस वर्षांत गोळी घेतली नाही. जेवल्यावर उजव्या कुशीत दुखतं, पण ते गॅसचं. एजंट म्हणाला, काकू, घरातली बाई आधी घाला. कमिशनसाठी बोलतात.

२० जून
कार्ड आलं. लगेच धाकटीकडे. दहा लाख, सिंगल रूम, दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. नावांवर अंगठा ठेवला होता. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मन शांत. जप पूर्ण.

१४ ऑगस्ट
कूस फार दुखते. गरम पाणी. ह्यांना बोलले नाही.

२ सप्टेंबर
सोनोग्राफी. पित्ताशयात खडे. तीन! धाकटीला एकच होता.
एजंटला फोन केला. नाव आता घालू, म्हणाला, पण या खड्यांसाठी तीन वर्षं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडेसुद्धा नाही.

९ सप्टेंबर
जनरल वॉर्ड, खाट अकरा. ऑपरेशन झालं. हे स्टुलावर, ठेव मोडून आलेले. धाकटी खाली सिंगल रूमच्या मजल्यावर मला शोधत फिरली म्हणे. आल्या आल्या कार्ड मागितलं. आज अंगठ्यात जोर नव्हता. तीनच नावं वाचली. आता हसणार, म्हणून मी डोळे मिटले. हसली नाही. म्हणाली, ताई, इथे बेल नाही, मी बसते, हाक मारा.
दोनदा मारली. दोन्ही वेळा आली.
नर्सनं खडे बाटलीत दिलेत. तीन आहेत, तिच्यापेक्षा मोठे. उशीखाली ठेवले. तिला दाखवले नाहीत.