अंगणातलं नाटक

प्रिय सोमाजीस,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. तिकडचंही ठीक दिसतं, कारण तुझं अंगण माझ्या ओट्यावरून दिसतं. खोकला तेवढा कमी नाही (तो ऐकू येतो). उन्हात ट्रंक ठेवलेली दिसली. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की तू कायमचा चंद्रपूरला मुलाकडे जाणार म्हणे.

काल सकाळी वंदना आटोपली, तू दात घासायला बाहेर आलास आणि मी नेहमीप्रमाणे तुझ्याकडे पाठ करून बसलो. तूही वळलास. तोच माझी नात सत्यशीला (वय चार, नाव तिच्याहून लांब) टाळ्या वाजवू लागली. "आजा, तू आन् सोमाआजा घरी रोज नाटक काऊन करता?" मी म्हटलं, नाटक शाळेपुढं असते, बाई, तिथी आम्ही भाऊ-भाऊ बनतो. "नाई! तिथी तं खरं बोलता. इथी खोटं-खोटं रुसता."

मग आठवलं. मंडईच्या नाटकाच्या तालमीत आपण (आताशा फक्त तिथंच बोलणारे) गळ्यात पडलो, तेव्हा साऱ्यांनी टाळ्या दिल्या. ही एकटी डोळे पुसत होती.

या वयाच्या डोक्यात माणसं कशी मांडलेली असतात, कोण जाणे. आपण तिच्याएवढे असताना नथ्थूकाकांना राक्षसाच्या सोंगात पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस, ते खळ्यावर धान पाखडताना दिसले तरी, एकमेकांचा हात धरून पळायचो. ते बिचारे बोरं द्यायला मागे धावायचे, म्हणून आपण आणखीच पळायचो. तुझा हात घामेजलेला असायचा. (माझाही असेल.) आपण सोंगाला खरं समजलो, ही खऱ्याला सोंग समजते. की तिलाच बरोबर दिसतं?

आता भांडणाचं. त्या वर्षीच्या नाटकात मी मरून पडलेलो, मुंगी चावली, हललो. तू रडता रडता मोठ्यानं म्हणालास, "भाऊ, अजून थोडा मरून राय." गाव हसला, मी रुसलो. काल त्याचं मला पहिल्यांदा हसू आलं. ओट्यावर एकटाच हसताना पाहून बायको घाबरली.

जास्त काय लिहू.
तुझा,
वामन

ता. क. – चंद्रपूरला जाऊ नकोस. लिहायचं एवढंच होतं.

आणखी एक – पोस्टातला इसरू म्हणाला, "भाऊ, समोरच्या घराले तिकीट?" म्हणून पत्र सत्यशीलेच्या हाती दिलं आहे, आणि मी तिच्यामागे तुझ्या कुंपणापाशी उभा आहे, तोंड तुझ्याकडे करून. आज टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे तिला सांगून ठेवलं आहे.