झेरॉक्समध्ये हरवलेली रेघ

प्रति,
माननीय मुख्य अभियंता,
इमारत आराखडा कार्यालय

विषय : कर्मचाऱ्यांचे पाळणाघर असलेल्या नव्या आठमजली इमारतीची भूकंपाची गणिते पुन्हा करण्याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे तीन अर्ज; आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयात सहायक अभियंता आहे. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. ती दुपारची झोपली आहे तेवढ्यात हा अर्ज लिहिते आहे. मानाची वाक्ये कमी पडली तर आपण मनानेच भरून घ्यावीत. गणितात आपण तेच करता.

१. भूकंपात इमारतीवर किती जोर येईल, ते प्रतिसाद वर्णपटाच्या आलेखावरून काढतात. पाळण्याला स्वतःची लय असते, तशी इमारतीलाही असते. लांब दोरीचा पाळणा सावकाश झुलतो, उंच इमारतही. मऊ जमीनही सावकाशच हलते. लय जुळली की झोका वाढत जातो. माझ्या मुलीला हे कळते.

२. म्हणून आलेखात तीन रेघा असतात : खडक, मध्यम जमीन, मऊ जमीन. कार्यालयातली प्रत मात्र झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. दोन तुटक रेघा पुसल्या गेल्या, खडकाची ठळक तेवढी उरली. परिणामी गेली अकरा वर्षे आपल्या हद्दीत सगळीकडे खडकच आहे. सदर इमारतीखाली बुजवलेले तळे आहे.

३. हे दाखवल्यावर वरिष्ठ आराखडाकार म्हणाले, "बाई, झोप पुरी होत नाही वाटतं तुमची?" होत नाही. तरी मूळ पुस्तकात मला तीनच रेघा दिसल्या. आपण लेखी कळवलेत, "सदर रेघ कार्यालयीन प्रतीत आढळून येत नाही, सबब विचारात घेता येत नाही." याची एक प्रत तळ्याला पाठवावी काय?

४. योग्य रेघेने जोर दीडपटीहून जास्त येतो. खांब तेवढ्याला पुरत नाहीत. सोमवारी उद्घाटन आहे. फीत मात्र वेळेवर आली आहे. सहाव्या मजल्यावर, खिडकीपासून तिसरा पाळणा माझ्या मुलीसाठी ठेवला आहे.

ती त्यात झोपणार नाही. गणिते पुन्हा होईपर्यंत ती रोज दहा ते पाच आपल्या दालनात, आपल्या टेबलावर झोपेल. आपले कार्यालय एकमजली असून खरोखरच खडकावर आहे; मी तपासले आहे. पाळणाघरात नाव घातलेल्या बाकीच्या सतरा मुलांच्या आयांनीही टेबलाचे माप विचारले आहे.

ती उठली. थांबते.

आपली नम्र,
सहायक अभियंता
दिनांक : ९ जानेवारी

सोबत :
१. मूळ आलेख, तिन्ही रेघांसह
२. माती तपासणीचा अहवाल
३. दुपटे, एक. सोमवारी दहाच्या आत अंथरून ठेवावे.