तुझ्या मापाचा कोट

ता. ९ जून

मास्तर,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिला असं समज. घरी सगळे बरे आहेत. तुझं नाव काढलं की मीच तेवढा बिघडतो.

पोरीचा खाजगी शाळेतला प्रवेश मला कितीला पडला, ऐक. फी सगळेच भरतात. वर दुकानामागचा गाळा गेला, हिच्या बांगड्या गेल्या, आणि एक कोट शिवावा लागला. तुझ्या मापाचा.

आणि काल तू परस्पर तिचं नाव काढायचा अर्ज देऊन आलास! तुझ्या सरकारी शाळेत पट कमी पडतोय, तर पोरं गोळा करायला माझंच घर सापडलं?

ते मुलाखतीला आईबापांना बोलावतात, बापाला इंग्रजीत प्रश्न विचारतात, त्याला मी काय करू? तुला बाप म्हणून बसवलं ते तासाभरासाठी. ही बिचारी तुझ्याशेजारी मान खाली घालून बसली. आणि तू आपला दर पालकसभेला कोट चढवून हजर!

"दादा, ती तिथे तोंड उघडत नाही," म्हणतोस. अरे, पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात माझा जन्म गेला. नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की वायंडिंग. या शहरात असं दार नाही जे मला उघडत नाही. त्या शाळेचा पंपसुद्धा माझ्याच हातचा.

बुधवारी तुम्ही दोघं दुकानात बोलत होता, तेव्हा मी पत्र्याआड होतो. "काका, मला तुमच्या शाळेत न्या ना. पप्पा पंप बघायला आले, माझ्याकडे बघून हसले. मुली म्हणाल्या, हा कोण गं? मी म्हटलं, मला नाही माहीत."

तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. आणि काल जाऊन अर्ज दिलास.

पोर आहे, बोलून गेली. म्हणून काय शाळा सोडवायची? माझी मुलगी आहे, कुठे शिकेल ते मी ठरवीन.

आज सकाळी अर्ज मागे घ्यायला गेलो होतो. तिथे बापाची सही लागते, आणि पालकांच्या कार्डावर फोटो तुझा आहे. शुक्रवारच्या आत ये. कोट घालून.

मला फाटकाच्या आतही घेतलं नाही. रखवालदार म्हणाला, "पंप चालू आहे, अण्णा."

दादा