‘ऐक, मॅरिट’चं कव्हर

डुलूथ, रविवार, १२ जानेवारी २००३

मॅरिटने साखरपुड्याची अंगठी परत दिली त्याला आज बावीस दिवस झाले. दिली म्हणजे आईच्या हातात दिली. मी घरातच होतो, तळघरात. मला हाक मारावीशी वाटली नाही तिला. आईने ती फ्रिजवरच्या मॅग्नेटला अडकवून ठेवली आहे. हरवायला नको म्हणे. दूध काढताना रोज दिसते.

कारण काय, तर मी काहीच पूर्ण करत नाही! कॉलेज तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं. (सोडलं नाही, थांबवलंय.) होडीची एकच बाजू रंगवली. (दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसतात?) आता तिला ट्रेंट सोबचॅक आवडतो. तो दातांच्या कवळ्या करतो. दोघं १ मार्चला फार्गोला राहायला जाणार, जूनमध्ये लग्न.

ठराव : सूड. तिच्यावर नऊ गाणी लिहायची, स्वतः गायची, सीडी काढायची. नाव ‘ऐक, मॅरिट’. शुक्रवार, ७ फेब्रुवारी. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे खायला अख्खं गाव येतं. टेबलाटेबलावर एकेक ठेवायची. फार्गोला जाताना तिने खाली मान घालून जायला हवं.

मंगळवार, १४ जानेवारी, दुपार

कव्हर करायचं सॉफ्टवेअर मिळालं. एकवीस दिवस फुकट. सूड तेवढ्यात उरकेल.

आज सहा तास काम. अक्षरांचा टाइप ठरवला. मग बदलला. रक्त ठिबकतंय असा एक आहे, पण त्यात तिचं नाव केचप सांडल्यासारखं दिसतं.

गाणी : शून्य. कव्हर झालं की गाणी आपोआप सुचतात.

रविवार, १९ जानेवारी

फोटो निवडला. गेल्या उन्हाळ्यातला, सरोवराकाठचा. फ्लॅशमुळे डोळे लाल आलेत. झकास. अस्सल डाकीण.

तो कव्हरवर टाकला, तर सॉफ्टवेअरने मला न विचारता डोळे निळे करून टाकले. म्हणजे तिचे आहेत तसेच. परत लाल करायला बसलो आणि दीड तास नुसता बघत राहिलो. हाही वेळ सूडातच धरायचा.

रविवार, २६ जानेवारी

आठ गाणी रेकॉर्ड झाली! तिसऱ्यात, ‘दगाबाज’मध्ये, मागे आईचं वॉशिंग मशीन आहे. पाचव्यात आई स्वतः आहे. जिन्यावरून ओरडली, “डॅरिन, तुझं रडणं आटपलं की कपडे ड्रायरमध्ये टाक रे!”

तिला सगळी ऐकवली. म्हणाली, “तिसरं बरंय. त्याला ठेका तरी आहे.” शत्रू घरातच आहेत.

शनिवार, १ फेब्रुवारी

तीस सीड्या काढल्या. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारतो : सीडी बंद करायची का? बंद केली की नंतर त्यात काही भरता येत नाही. मी कशाला बंद करू? नववं गाणं बाकी आहे. सगळ्यात जहाल तेच असणार. तीसही वेळा ‘नाही’ दाबलं. माझ्या कॉम्प्युटरवर मस्त वाजतायत. पुढचं पाहणारा माणूस मी, ट्रेंटसारखा नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फुकटचा शेवटचा दिवस. मागच्या बाजूला गाण्यांची नावं टाइप करायची राहिली होती. तिथे एक बटण सापडलं. सॉफ्टवेअर गाणी किती, किती-किती मिनिटांची ते पाहतं आणि इंटरनेटवरून नावं स्वतःच भरतं. दाबलं. उत्तर आलं : ‘सीडी ओळखली.’

ओळखली! अजून बाहेर गेलीही नाही आणि माझं नाव तिथपर्यंत पोचलं! मॅरिट, बघ.

आर्विडच्या झेरॉक्सच्या दुकानात मी कामाला आहे, तिथेच प्रिंट काढले. पुढची बाजू मीच कापली. मागच्या बाजू आर्विडने कापून डब्यांत बसवल्या. मला म्हणाला, “तीसच्या तीस कापल्यास? बरा आहेस ना रे?” असल्यांना मी उत्तर देत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाच वाजता सगळ्या टेबलांवर सीड्या ठेवल्या. खांबाजवळची खुर्ची धरली. मासा घेतला, खाल्ला नाही. वाट पाहिली.

ट्रेंट सरळ माझ्याकडे आला. मी उठून उभा राहिलो, मुठी वळलेल्या. त्याने त्यातली एक पकडून हलवली. म्हणाला, “यार, मन मोठं आहे तुझं. तुझ्या जागी मी असतो तर मला नसतं जमलं.” मागे मॅरिट. डोळे ओले.

डबी उलटून पाहिली. मागे छापलेलं : लग्नघरच्या पोल्का, म्हणजे लग्नात नाचायच्या धुना. एक, वरात निघाली. दोन, नवरीचा नाच. पाच, सासूबाईंचा वॉल्ट्झ. आठ, सुखी रहा. कोणत्या तरी पोल्काच्या सीडीची आणि माझी मिनिटं तंतोतंत जुळली होती. आणि पुढे निळ्या डोळ्यांची, हसणारी ती.

हरकत नाही. घरी जाऊन ऐकतील तेव्हा कळेल. कव्हर म्हणजे गनिमी कावा समजायचा.

रविवार, १६ फेब्रुवारी

नऊ दिवस कोणी काही बोललं नाही. आज मॅरिट घरी आली. या वेळी हाक मारली.

म्हणाली, “अरे, कुठेच वाजत नाही ती. ट्रेंटच्या गाडीत नाही, माझ्या प्लेअरवर नाही. हॉलमधल्या मशिनने तर बाहेरच फेकली. ट्रेंट म्हणतो खराब माल लागला असेल. मी म्हटलं, छे, मी ओळखते ना याला. शेवटचं काहीतरी करायचं राहिलं असणार.”

तिने खिशातून डबी काढली.

“पण कव्हर कसलं सुंदर केलंयस. माझा एवढा चांगला फोटो कुणी कधी लावला नाही. आहे काय रे त्यात? म्हणून दाखव ना एखादं.”

गिटार भिंतीला टेकलेली होती. ती समोर, दोन हातांवर. आठच्या आठ गाणी तोंडपाठ.

मी म्हणालो, “पोल्का आहेत.”

(घसा बसला होता.)

मग ती म्हणाली, लग्नात पाहुण्यांना एकेक सीडी द्यायची आहे, एकशेवीस. गाणी ट्रेंट निवडेल. “कव्हर तूच कर ना. पण अर्ध्यावर सोडायचं नाही हं, डॅरिन.”

मी तिला दाराबाहेर काढणार होतो. बाहेर बर्फ होता म्हणून नाही काढलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर विकत घेतलं. एकशेवीस कव्हरं छापली, दोन्ही बाजू वाचून पाहिल्या, कापली, घड्या घातल्या. सीड्या काढल्या. सीडी बंद करायची का? हो. एकशेवीस वेळा. (बंद केल्याशिवाय साध्या प्लेअरवर वाजत नाही म्हणे.)

आईने एक गाडीत लावून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. ट्रेंटची आवड भिकार आहे.

आर्विड सगळी खोकी हिशोबाने मोजून म्हणाला, “झालं की रे पूर्ण!”

नवव्या गाण्याच्या दोन ओळी सुचल्या आहेत. बाकीचं उद्या.