दशरथ पाताडे यांना कुणीही ‘घरी’ नेऊ नये

मी, सौ. रत्नप्रभा दशरथ पाताडे, वय वर्षे एकाहत्तर, महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने, भिडेने अगर आग्रहाने नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. लोक हे वाक्य रिवाज म्हणून लिहितात. मी ते समजून लिहीत आहे, कारण बुद्धी शाबूत नसणे म्हणजे काय, हे मी सात वर्षे रोज पाहत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील. न उठले तर तो माझा मुलगा सौरभ आणि माझे दीर श्यामसुंदर यांना मोठ्याने वाचून दाखवावा. मध्ये कुणी चहा आणू नये.

माझ्या वकील अॅड. मनाली कर्णिक यांनी कच्चा मसुदा वाचून सांगितले, “बाई, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत.” मी विचारले, “विशेषणं चालतात का?” त्या म्हणाल्या, “बेताने.” तेवढा बेत मी सांभाळला आहे.

कलम एक. माझे पती दशरथ गोविंद पाताडे, वय शहात्तर, विक्रोळीच्या कारखान्यात छत्तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर होते. त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. पहिल्यांदा कळले ते मिक्सरवरून. आमचा मिक्सर आवाज करू लागला म्हणून त्यांनी तो खोलला. दोन दिवसांनी पलंगाखाली केर काढताना मला त्याचे सगळे भाग टॉवेलात गुंडाळलेले सापडले. ज्या माणसाने बिघडलेली लेथ डोळे मिटून जोडली असती, त्याला मिक्सर जोडता आला नव्हता, आणि लाजेने त्याने तो लपवून ठेवला होता. मी नवा मिक्सर आणला. मग एक दिवस माप घ्यायच्या वर्नियरवरून माझ्यावर ओरडले, “माझो वर्नियर तू चोरलंस!” लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि मालवणीही ते फक्त आपल्या आईशी बोलत. डॉक्टरांनी आजाराचे नाव त्यानंतर सांगितले.

मृत्युपत्राने नवरा कुणाच्या नावे करता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून मी घर आणि पैसा अशा रीतीने लिहून देत आहे की ते आज जिथे आहेत, तिथेच शेवटपर्यंत राहतील. ते कुठे आहेत आणि तिथवर आम्ही कसे पोहोचलो, हे लिहिल्याशिवाय पुढची कलमे कुणाला पटणार नाहीत.

कलम दोन. माझा मुलगा सौरभ अंधेरीला राहतो. बाबांचे हे सुरू झाल्यावर तो म्हणाला, “आई, तुझी पार वाट लागेल. मी झकास जागा शोधलीय.” पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, ज्येष्ठांसाठी बांधलेले संकुल. माहितीपत्रकात ‘जेष्ठ’ असे छापले होते. ज्यांना आपल्या गिऱ्हाइकाचे नाव धड लिहिता येत नाही, त्यांच्याकडे जायला मी तिथेच नकार द्यायला हवा होता, पण मुलाचे मन मोडवले नाही. टाय लावलेला एक तरुण आम्हाला पोहण्याचा तलाव, योगाचा हॉल आणि लायब्ररी दाखवत फिरला. लायब्ररीत पुस्तकांच्या पाठी चिकटवलेले पुठ्ठे होते. ह्यांनी तिथल्या बेसिनचा गळका नळ पाहिला आणि पान्हा मागितला. तरुण हसला. मग सौरभला बाजूला घेऊन त्याने विचारले, “अंकल इंडिपेंडंट आहेत ना?”

मी विचारले, “हे दार उघडून बाहेर गेले तर?”

“मॅडम, आमच्याकडे चोवीस तास सिक्युरिटी आहे.”

“ती काय करते?”

“बाहेरच्यांना आत येऊ देत नाही.”

करारनामा मी तिथेच बसून वाचला. रहिवाशाची स्मृती गेल्यास महिन्याभरात जागा सोडावी, असे त्यात बारीक अक्षरात लिहिले होते. म्हातारपण त्यांना हवे होते, पण धडधाकट. सौरभ गाडीत म्हणाला, “आई, तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस.” काढते. त्याच कामाचा पगार मी तेहतीस वर्षे घेतला.

दुसरी जागा घाटकोपरची. शेजारच्या कुणाच्या ओळखीने गेलो. बाहेर तुळस, आत देवाचे मोठे फोटो. दुपारचे चार वाजले होते आणि झाडून सगळे झोपलेले. दोन आजी खुर्चीला ओढणीने बांधलेल्या होत्या. चालकबाई म्हणाल्या, “पडू नयेत म्हणून हो. आणि आम्ही गोळी देतो, मग कुणाला काही त्रास होत नाही.” कुणाला, हे मी विचारले नाही. ह्यांचा हात धरून बाहेर आले. त्या दिवशी रिक्षात मी रडले. हे माझ्या गुडघ्यावर थापटत होते. का रडते आहे ते त्यांना कळत नव्हते, तरी थापटत होते.

कलम तीन. अशा आजाराच्या घरच्यांचा एक आधारगट दर रविवारी घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात जमतो. डॉक्टरांनी तिकडे जायला सांगितले तेव्हा मी नाक मुरडले होते. गोल करून बसायचे आणि एकमेकांसमोर डोळे पुसायचे, हे मला जमणारे नव्हते. तिथे सई रेगे भेटली. चाळिशीची, तोंडाने फटकळ, आईला नऊ वर्षे सांभाळलेली. मला म्हणाली, “काकू, जागा बघायला फोन करून जाऊ नका. जेवणाच्या वेळेला जा. भिंती बघू नका, तिथल्या म्हाताऱ्यांची नखं बघा.” सहा महिन्यांत माझ्याशी कामाचे बोललेले हे पहिले माणूस.

सईनेच गंधाली वैद्य यांचे नाव दिले. त्यांचे घर मुलुंडमध्येच, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, बारा माणसांचे. भिंतींना ओल आहे, तलाव नाही. मी जेवणाच्या वेळेला न कळवता गेले. नखे कापलेली होती. गंधालीने मला एकच गोष्ट खोदून खोदून विचारली, “काकांना राग कशाचा येतो?” मी सांगितले, हात रिकामे असले की येतो. ह्यांना तिथे ठेवल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा हे ताटात नट-बोल्ट घेऊन बसले होते. लावायचे, काढायचे, मापाप्रमाणे वेगळे करायचे. कारखान्यात असावेत तसा चेहरा होता. त्यांची पान्हे, कानस, वर्नियर यांची पेटी मी या घराला देत आहे. ह्यांच्यानंतर ज्याचे हात रिकामे असतील, त्याला ती द्यावी.

कलम चार. माझे दीर श्यामसुंदर पाताडे, राहणार बोरिवली, यांच्याविषयी.

मी ह्यांना गंधालीकडे ठेवल्यावर या गृहस्थांनी पाताडे मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले, ‘माझ्या देवासारख्या भावाला आश्रमात टाकले.’ त्यावर हात जोडलेली चित्रे आली. आधीच्या पाच वर्षांत हा माणूस भावाला दोनदा भेटला होता, दोन्ही वेळा जेवायच्या वेळी. गेल्या वर्षी गणपतीत ते गंधालीकडे जाऊन उभे राहिले. “सख्खा भाऊ आहे. गणपतीला घरी नेतो.” गंधालीने मला फोन लावला. मी तपासणीसाठी हॉस्पिटलात होते, लागला नाही. मग तिने सौरभला विचारले, आणि सौरभ म्हणाला, न्या.

संध्याकाळी गटावर फोटो आला. हे नव्या शर्टात, गळ्यात हार, बाजूला श्यामसुंदर आणि त्यांच्या पत्नी जयंती. खाली ओळ, ‘शेवटी आपलं घर ते आपलं घर.’ मी फोन केला तर श्यामसुंदर म्हणाले, “वहिनी, आता तुम्ही निश्चिंत राहा. घरच्या माणसांत बरा होईल तो.” मी म्हणाले, “भावोजी, गोळ्या वेळेवर द्या, आणि हातात काहीतरी काम द्या.” ते म्हणाले, “त्याला काम कशाला? मी आहे ना.”

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या वॉचमनने बेल वाजवली. “मॅडम, साहेब खाली बसलेत.” हे त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगात श्यामसुंदरचा शर्ट, पँट ओली, मांडीवर कपड्यांची पिशवी. पिशवीत गोळ्यांचे पाकीट होते तसेच. गाडीतून उतरवून भाऊ निघून गेला होता. मला वर येऊन सांगण्याइतकी हिंमतही त्याला झाली नाही. हे माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाई, माका खंय जावचा हा, तां सांगशात?”

सगळा दिवस श्यामसुंदरचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी लागला. “काय करणार वहिनी, रात्रभर दार ठोकतो. जयंतीला म्हणाला, तू कोण? आणि आमच्याकडे पाहुणे होते हो.”

पाहुणे होते. हे मी इथे जसेच्या तसे लिहिते आहे, म्हणजे वाचताना त्यांच्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल.

सौरभ म्हणाला, “काकांना वाटलं बाबांना बरं वाटेल. मला नाही म्हणता येईना.” माझा मुलगा कंपनीत चाळीस माणसांवर साहेब आहे. गंधालीकडे परत नेल्यावर जवळजवळ दोन महिने ह्यांनी नट-बोल्टांना हात लावला नाही. ताट पुढे केले की भिंतीकडे तोंड करत. गंधालीने जबरदस्ती केली नाही, रोज ताट ठेवत राहिली. दिवाळीनंतर एका सकाळी ह्यांनी आपणहून एक नट उचलला.

श्यामसुंदर यांचा तो शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. तो त्यांना परत द्यावा. माझ्याकडून त्यांना दुसरे काहीही मिळणार नाही.

कलम पाच. मुलुंडची सदनिका माझ्या एकटीच्या नावे आहे. माझ्या पश्चात सई रेगे आणि अॅड. मनाली कर्णिक यांनी ती भाड्याने द्यावी, लागल्यास विकावी. तो पैसा आणि माझ्या ठेवी ह्यांच्या गंधालीकडील राहण्यासाठी आणि औषधपाण्यासाठीच वापराव्यात. ह्यांच्यानंतर जे उरेल, ते आधारगटाला, दिवसापुरते सांभाळणारे केंद्र काढण्यासाठी. सौरभ यावर कोर्टात जाईल असे नातेवाईक म्हणतात. तो जाणार नाही. कोर्टात जायला ठाम राहावे लागते.

सौरभला माझी पुस्तके. वडिलांना भेटायला त्याला कुणी अडवू नये. सवड मात्र त्याने आपली काढावी. ती मी लिहून देऊ शकत नाही.

माझ्या सहा बांगड्या सून रुचिराला. ह्यांना खाली आणून टाकले त्या दिवशी ती ऑफिस सोडून अंधेरीहून आली, सासऱ्याला माझ्याबरोबर आंघोळ घातली, लादी पुसली आणि कुणालाही दोष न देता परत गेली. नवऱ्याला एखादा शब्द सुनवायला हवा होता. तरी बांगड्या तिलाच.

कलम सहा. दशरथ पाताडे यांना दर्शन, बारसे, लग्न, वाढदिवस, हवापालट अशा कुठल्याही कारणासाठी कुणीही ‘घरी’ नेऊ नये. भेटायचे असेल त्याने तिथे जावे, खाली बसावे, ते देतील तो बोल्ट हातात घ्यावा.

कलम सात. सईची आई नवऱ्याला शोधायची, तेव्हा भाऊ, वहिनी, शेजारी तिला दर वेळी खरे सांगत, की ते वारले. ती दर वेळी नव्याने विधवा व्हायची. सईने शेवटी सगळ्यांना दम देऊन ते थांबवले.

परवा मी ह्यांना ऑपरेशनचे सांगायला गेले होते. त्यांनी मला ओळखले नाही. बसायला जागा करून दिली. थोड्या वेळाने जवळ सरकून हळूच म्हणाले, “बाई, माझी बायल मास्तरीण आसा. खूप कडक. तिका सांगा, मी हयसर आसय. ती माका शोधीत बसतली.” मी म्हणाले, “सांगते.” ते म्हणाले, “नक्की सांगा हां.”

म्हणून लिहिते. माझ्या मृत्यूची बातमी त्यांना कुणीही देऊ नये. बाराव्याला बोलावू नये, पिंडाला हात लावायला सांगू नये, माझ्या फोटोसमोर उभे करू नये. त्यांनी माझी चौकशी केली तर मुलांच्या परीक्षा चालू आहेत, पेपर तपासून झाले की येते, असे सांगावे. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगावे, आणि सांगताना कंटाळा करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि शुद्धलेखन तपासून खालील साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : १४ जुलै २०२५

(सही) रत्नप्रभा दशरथ पाताडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. देवव्रत मराठे, मुलुंड. लिहून देणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर व सावध असल्याचे मी स्वतः तपासले आहे.
२. (सही) माणिक धोंडिराम शिर्के, शेजारी, त्याच इमारतीत राहणार