पुलावर थांबलो नाही, त्याबद्दल

आई,

तू झोपली आहेस म्हणून लिहून ठेवतोय. पाहुण्यांना शहर दाखवायला निघालो.

काल माझ्या घोळक्यात सगळ्यांच्या मागे तूही चालत होतीस, हे मला पुलावर कळलं. "शहर पायी बघा, सावकाश बघा," असं जगाला सांगणाऱ्या मी तुला बघून न बघितल्यासारखं केलं. वर "मागे राहिलेल्यांसाठी थांबता येणार नाही" म्हणालो. तू कठड्याला टेकलीस आणि हातानेच 'जा' म्हणालीस.

जेवताना "छान बोलतोस रे" म्हणालीस, तेव्हा मी ताट घेऊन उठलो. "मलाही ने" म्हणायचीस, तेव्हा "तुला झेपणार नाही" ही माझी सबब होती. तुझ्या लंगडण्याची लाज वाटायची मला. आता तोंड कुठे लपवू कळत नाही.

चारला येतो. आपण दोघंच जाऊ, तुझ्या चालीने. नाही म्हणालीस तरी तुझं बरोबरच असेल.